काळा पडणारा पडदा : वऱ्हाडातील ऊन, वीज आणि संगणक यांचा इतिहास

१/२४
चालू संगणकाचा पडदा अचानक काळा पडतो. आतला पंखा फिरत असतो, दिवा लुकलुकत असतो, पण समोर काहीच दिसत नाही. अकोला-अमरावतीत ही तक्रार नवी नाही. तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे आजार अनेक आहेत आणि प्रत्येक आजाराला स्वतःचा इतिहास आहे. काही आजार साऱ्या जगाचे आहेत, तर काही वऱ्हाडच्या उन्हाने आणि भारनियमनाने वाढवलेले. हा धागा त्या इतिहासाचा, आणि त्यातून शिकता येणाऱ्या निदानाचाही.

२/२४
प्रारंभ १८९७ मध्ये. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने कॅथोड किरण नळी तयार केली. निर्वात काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, तो स्फुरदीप्त लेपावर आपटला की तिथे ठिपका उजळतो. पुढची शंभर वर्षे दूरचित्रवाणी आणि संगणक याच तत्त्वावर उजळत राहिले. झोत थांबला की पडदा काळा. त्या काळी काळ्या पडद्याचा अर्थ बहुधा एकच असे: नळीला मिळणारा हजारो व्होल्टचा दाब तुटला आहे.

३/२४
पहिल्या पिढीचे संगणक बिघाडाच्या बाबतीत आणखी हळवे होते. अमेरिकेत १९४५-४६ मध्ये उभ्या राहिलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. अभियंत्यांना एक गोष्ट लवकर उमगली. नळ्या सर्वाधिक जळत त्या यंत्र सुरू करताना आणि बंद करताना, म्हणजे तापताना आणि निवताना. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही, असे धोरण ठरले. वारंवार तापणे-निवणे हा विद्युत यंत्रांचा शत्रू आहे, हा धडा पुढे वऱ्हाडात पुन्हा भेटणार होता.

४/२४
महाराष्ट्रात पडद्याचा संगणक अवतरला तो मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता, आकडेमोडीचा निकाल आलेखाच्या रूपात त्यावर पाहता येई. यंत्राचे नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. भाग बिघडला तर ज्यांनी यंत्र बांधले, तेच तो शोधून बदलत. बांधणारा आणि दुरुस्त करणारा अजून एकच माणूस होता.

५/२४
बिघाड शोधण्याची पद्धत मात्र संगणकाहून जुनी. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राची शेकडो मैलांची तार कुठे तुटली हे शोधताना साऱ्या मार्गावर खांबामागून खांब तपासत जाणे परवडणारे नव्हते. मधल्या ठाण्यावरून तपासणी करायची. संदेश तिथवर पोहोचतो काय? पोहोचत असेल तर दोष पुढच्या अर्ध्या भागात, नसेल तर मागच्या. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग. संगणकाच्या काळ्या पडद्यावरही सर्वांत भरवशाचा उपाय हाच: दोष मॉनिटरच्या बाजूला की पेटीच्या बाजूला, हे आधी ठरवायचे.

६/२४
वऱ्हाडचा संगणकाशी संबंध केवळ ग्राहकाचा नाही. भारताचा पहिला महासंगणक परम ८००० घडवणाऱ्या सी-डॅकचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावचे. १९८८ मध्ये पुण्यात संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम सज्ज झाला. याच सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे साध्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. पडदा उजळला आणि त्यावर मराठीही आली, यात अकोला जिल्ह्याचा वाटा आहे.

७/२४
१९८४ च्या संगणक धोरणानंतर आयातीचे निर्बंध सैल होऊ लागले आणि महाविद्यालयांत संगणक कक्ष दिसू लागले. त्या पिढीला दोन गोष्टी हमखास आठवतात: दाराबाहेर काढलेल्या चपला आणि आतले वातानुकूलन यंत्र. हा केवळ मान नव्हता, त्याला कारण होते. धूळ आणि उष्णता हे दोन्ही शत्रू तेव्हा दाराबाहेर अडवले जात. पुढे संगणक घराघरांत, दुकानांत शिरला आणि ही तटबंदी गळून पडली.

८/२४
हा प्रसार वेगाने झाला तो २००१ नंतर. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ त्याच वर्षी स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. अचलपूर, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा गावांतील तरुणांसाठी संगणक ही नोकरीची वाट झाली. केंद्रांत आणि घरांत आलेल्या पेट्यांपैकी अनेक ‘असेंबल्ड’ होत्या, सुटे भाग जुळवून बांधलेल्या आणि स्वस्त.

९/२४
इथेच इतिहासाचा विचित्र योग जुळून आला. ज्या वर्षी एमएस-सीआयटीची पायाभरणी झाली, त्याच २००१ च्या मे महिन्यात वीज मंडळाने दाभोळ प्रकल्पाची महागडी वीज घेणे थांबवले. मागणी वाढत गेली, निर्मिती त्या गतीने वाढली नाही. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. पुढच्या वर्षांत तुटवडा चार हजार मेगावॅटच्या पलीकडे गेला. संगणक आणि अंधार वऱ्हाडात जवळजवळ एकत्रच दाखल झाले.

१०/२४
सल असा की वीज जवळच तयार होत होती. अकोला जिल्ह्यात बाळापूरजवळ पारसचे औष्णिक केंद्र १९६० च्या दशकापासून उभे होते. पूर्वेला कोराडी, खापरखेडा आणि २३४० मेगावॅटचे चंद्रपूर. विदर्भाच्या कोळशावर आणि पाण्यावर राज्य उजळत असताना विदर्भातील खेड्यांची ‘लाइन’ तासन् तास जात होती. गळती आणि वसुलीच्या प्रमाणावरून फीडरांचे गट पाडले गेले, वर्तमानपत्रांत वेळापत्रके छापली गेली. पारसला २५० मेगावॅटचे दोन नवे संच २०१० पर्यंत उभे राहिले. कमी गळतीच्या भागांतले भारनियमन २०१२ च्या अखेरीस उठले.

११/२४
भारनियमनाने प्रत्येक संगणकाखाली एक नवी पेटी आणून ठेवली: यूपीएस. साधा यूपीएस वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास सुमारे ५ ते १० मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ संगणकाचा एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरमधील साठ्यावर तग धरतो. प्रमाणित एसएमपीएसने सुमारे १६ मिलिसेकंद टिकावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे दोन्ही उपकरणे नवी असतील तर गणित जुळते. एक जरी म्हातारे झाले की दिवे क्षणभर मिचकावले तरी पडदा काळा होतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

१२/२४
ही उपकरणे वऱ्हाडात लवकर म्हातारी होतात, आणि कारण आहे ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो, तो हळूहळू सुकतो. अभियंत्यांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटरीचेही तसेच. म्हणून थंड शहरात पाच वर्षे चालणारी पेटी पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात निम्म्या काळात थकते.

१३/२४
उन्हावरचा वऱ्हाडी उपाय म्हणजे कूलर: वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, पाण्याचा पंप आणि मोठा पंखा. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते. संध्याकाळी एका गल्लीत अनेक कूलर एकदम लागले की व्होल्टेज खाली येते. जुन्या संगणक कक्षांत यावर सीव्हीटी नावाचा जड, घुमणारा ट्रान्सफॉर्मर असे, त्याचे तत्त्व अमेरिकेत जोसेफ सोला याने १९३८ मध्ये मांडले होते. घरगुती संगणकाच्या वाट्याला तो क्वचितच आला. कूलर सुरू होताक्षणी पडदा जात असेल, तर दोष संगणकात नसून वायरिंगमध्ये किंवा दाबात शोधावा.

१४/२४
याच काळात जागतिक संकटाची भर पडली. १९९९ ते २००७ च्या दरम्यान बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर आणि मॉनिटरांत सदोष कपॅसिटर बसले होते. आतील द्रावण चुकीचे असल्याने वायू तयार होई, कपॅसिटरचा सपाट माथा फुगे आणि शेवटी फुटे. हा बिघाड ‘कपॅसिटर प्लेग’ म्हणून ओळखला जातो. जगभरचे नामांकित उत्पादकही त्यात सापडले. काही रुपयांच्या भागापायी हजारोंचे मॉनिटर भंगारात गेले. आजही जुनी पेटी उघडल्यावर प्रथम पाहावे ते कपॅसिटरांचे माथे: सपाट की फुगीर.

१५/२४
प्रत्येक काळा पडदा बिघाडाचा नसतो. नळीच्या पडद्यावर एकच चित्र दीर्घकाळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे, म्हणून स्क्रीनसेव्हर आले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एनर्जी स्टार योजना सुरू केली, आणि आरंभी तिचा भर संगणक आणि मॉनिटर यांवरच होता. १९९३ मध्ये संगणकाने मॉनिटरला झोपण्याचा आदेश देण्याची प्रमाणित पद्धत ठरली. माणसाने पडद्याला काळे होण्यास शिकवले ते इथे. बरोबर दहा किंवा पंधरा मिनिटे कुणी हात न लावल्यावर पडदा जात असेल, तर तो आजार नसून आज्ञापालन आहे. पॉवर सेटिंग बदलली की प्रश्न मिटतो.

१६/२४
२००० नंतरच्या दशकात जाड नळी गेली आणि पातळ एलसीडी आला. त्याबरोबर काळेपणाचा अर्थही बदलला. एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, त्यामागे दिवे असतात, आधी बारीक नळ्यांचे, पुढे एलईडीचे. दिवे विझले तरी चित्र तिथेच असते, फक्त दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरपा धरून पडद्यावर मारावा. पुसट चिन्हे दिसली तर संगणक निर्दोष आहे, दोष मॉनिटरच्या दिव्यांत किंवा त्यांच्या वीजपुरवठ्यात. चित्र दोन सेकंद येऊन विझणे, ही याच आजाराची जुनी खूण.

१७/२४
केबलचाही इतिहास आहे. १९८७ मध्ये आलेली १५ पिनांची व्हीजीए जोडणी ॲनालॉग होती. तिची एखादी पिन सैल झाली की पडदा आधी पिवळा किंवा गुलाबी दिसे, म्हणजे आजार सूचना देऊन येई. शिवाय तिला आवळण्याचे स्क्रू होते. २००२ मध्ये ठरलेली एचडीएमआय जोडणी डिजिटल आहे. संकेत ठरावीक मर्यादेपेक्षा बिघडला की चित्र थेट नाहीसे होते, आणि तिला स्क्रूही नाहीत. टेबल हलल्यावर पडदा जात असेल तर सर्वांत स्वस्त संशयित केबलच, तीच आधी बदलून पाहावी.

१८/२४
पेटीच्या आत धूळ जमते. कापूस आणि काळ्या मातीच्या या मुलखात पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत धूळ आणि तंतू यांची गादी तयार होते. उष्णता बाहेर जात नाही, मग प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ साचला तर संगणक चित्र देण्यापूर्वीच अडतो. दुरुस्ती करणारे भारतीय कारागीर त्या पट्ट्या खोडरबराने पुसतात. उपाय शाळकरी वाटतो, पण अनेकदा लागू पडतो.

१९/२४
पडदा काळा असताना संगणक बोलू शकतो, ही सोय १९८१ पासूनची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीमध्ये सुरुवातीलाच स्वतःची तपासणी करण्याची व्यवस्था होती. पडद्यावर काही दाखवता आले नाही तर ध्वनीच्या टोल्यांतून दोष कळे: किती बीप, लांब की आखूड. बीपचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, पण त्याचे अस्तित्वच मोलाचे असते. आजच्या काही मदरबोर्डांवर त्या जागी छोटे दिवे आले आहेत. पेटी दोषाचे बीप देत असेल तर मॉनिटर बदलण्यात पैसे घालू नयेत.

२०/२४
या साऱ्या इतिहासाचा सारांश एका प्रश्नात येतो: पडदा नेमका केव्हा जातो?
• सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत: मॉनिटरचे दिवे.
• ठरावीक मिनिटांनी, कुणी हात न लावल्यास: वीज बचतीची सेटिंग.
• खेळ किंवा व्हिडिओ चालू असताना: ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर अथवा थकलेला एसएमपीएस.
• भर दुपारी: उष्णता आणि धूळ.
• कूलर लागताना किंवा दिवे मिचकावताना: व्होल्टेज आणि यूपीएस.
• टेबल हलताना: केबल.
तीन-चार दिवस वेळ कागदावर टिपून ठेवली तर निम्मे निदान घरीच होते.

२१/२४
त्यानंतर तारायंत्राची पद्धत. पडदा काळा असताना कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबावा. त्याचा दिवा लागतो-विझतो, तर पेटी जिवंत आहे. मग मॉनिटरचे मेनू बटण दाबावे. मेनू दिसला तर मॉनिटरही जिवंत, दोष केबलमध्ये किंवा ग्राफिक्समध्ये. मेनूही दिसला नाही तर दोष मॉनिटरकडे. शेजारचा चांगला मॉनिटर जोडून खात्री करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोन बदलल्या तर दोषी कोण ते कळत नाही. ग्राफिक्स कार्ड असताना केबल चुकून मदरबोर्डच्या छिद्रात लावलेली नाही ना, हेही पाहावे.

२२/२४
एक मर्यादा मात्र पाळावी. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत एकदिश झाली की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. जुन्या नळीच्या मॉनिटरमध्ये तर हा दाब वीस हजार व्होल्टच्या पलीकडे असे. रॅम पुसणे, धूळ काढणे, केबल बदलणे हे घरी करावे, तेही प्लग काढूनच. त्यापुढचे काम जाणत्या कारागिराचे.

२३/२४
हा केवळ छंदाचा विषय नाही. २०१७ च्या जूनमध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखाली दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागवले. शेतकरी पती-पत्नी आधार कार्ड घेऊन ‘आपले सरकार’ केंद्रांसमोर रांगेत उभे राहिले. अर्जाला अंतिम मुदत होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती विभागात ही रांग साधी नव्हती. अशा दिवशी केंद्रातील एका संगणकाचा पडदा काळा पडणे म्हणजे कुणाची तरी एक मजुरी बुडणे आणि उद्या पुन्हा तालुक्याला येणे. जिथे नागरिकाचा हक्क पडद्यातून जातो, तिथे पडद्याची दुरुस्ती ही सार्वजनिक बाब होते.

२४/२४
एनिॲकच्या अभियंत्यांना १९४६ मध्ये जे कळले, तेच वऱ्हाडने वेगळ्या किमतीला शिकले: यंत्राला अंधारापेक्षा वारंवार येणारा-जाणारा उजेड अधिक मारतो. इथली अनेक यंत्रे सदोष जन्मली नव्हती, ती उन्हाने सुकली आणि ये-जा करणाऱ्या ‘लाइन’ने थकली. टिफ्रॅकच्या काळी यंत्र बांधणाराच ते दुरुस्त करी. आज ते काम बाजारातल्या एखाद्या अरुंद दुकानात, सोल्डरिंग गन आणि मल्टीमीटर घेऊन बसलेला कारागीर करतो. संगणकाच्या इतिहासात त्याचे नाव नाही, पण वऱ्हाडातील पडदे पुन्हा पुन्हा उजळले ते त्याच्या हाताने.